कानावर आलं की लागतं

श्रावण उतरायला लागला की आमच्या भावकीत फोन वाजला तरी कोणी पटकन उचलत नाही. आधी नाव बघतात. म्हातारं माणूस अंथरुणाला असलेल्या घरातलं किंवा दिवस भरत आलेली सून असलेल्या घरातलं नाव दिसलं, तर फोन तसाच वाजू देतात. तो थांबला की हायसं वाटतं, आणि मागोमाग त्या हायसं वाटण्याची लाज वाटते. आता मी हे लिहायला बसल्यापासून दोनदा फोन वाजला. एकदा गॅसवाल्याचा होता, एकदा माझ्या बहिणीचा. मी आता सगळे फोन उचलते.

बाहेर भात पोटरीवर आलंय. कुंपणाच्या कडेनं तेरडा फुलू लागलाय. गणपतीच्या कारखान्यावरून गेलं की ओल्या रंगाचा वास रस्त्यापर्यंत येतो. या दिवसांत कोकणात सगळीकडे उत्साह असतो असं लोक म्हणतात, ते खरंच आहे. पण आमच्याकडे त्या उत्साहाखाली एक धास्ती असते.

आमची भावकी तेवीस घरांची. मुरुडच्या अलीकडे, खाडीच्या काठानं. त्यातली निम्मी घरं वर्षभर कुलपात असतात; माणसं ठाण्या-पनवेलकडे नोकरीला. या तेवीसांत कुठेही मूल जन्मलं की सोयर लागतं आणि माणूस गेलं की सुतक. दोन्हीचे दिवस दहा. तेवढे दिवस देवाला हात लावायचा नाही. ते दिवस चतुर्थीला आडवे आले तर गणपती बसत नाही, आणि एकाच घरात नाही, तेवीसही घरांत बसत नाही. यात एक मेख आहे. सुतक लागतं ते कळल्यावर. कानावर आलं की लागतं. आलं नाही तोवर माणूस मोकळा. दुसऱ्या गावांत काय चालतं मला ठाऊक नाही. आमच्याकडे असं आहे.

हे दिवस मोजायचं काम माझ्याकडे आहे. पूर्वी सासूबाई बोटांवर मोजायच्या. मी सोसायटीत हिशेब लिहिते, म्हणून त्यांनी एका वर्षी ते माझ्याकडे सोपवलं आणि परत घेतलं नाही. तेव्हापासून सगळे मलाच विचारतात. "सुनंदा, पनवेलच्या पोरीला मुलगा झालाय, आपल्याला काय लागतं?" काही नाही, ती दिलेली मुलगी. "सुनंदा, ते पेणवाले गेले, त्यांचं आपल्याला हाय का?" पिढ्या लांबल्या, तीनच दिवस. मी भिंतीवरच्या पंचांगात बघते आणि सांगते. माझ्या सांगण्यावर घरातले देव झाकतात किंवा उघडतात. त्यामुळे चूक करून चालत नाही.

वर्षाच्या शेवटी वर्तमानपत्रात एक पान येतं, सरत्या वर्षात देशानं कोणाला गमावलं त्याचं. गायक, पुढारी, शास्त्रज्ञ, खेळाडू. ते पान मी बारकाईनं वाचते. जन्मसाल आणि मृत्यूचं साल यांची वजाबाकी करून वय बरोबर छापलंय का तेही बघते. पण त्याच वर्षी देशात जन्मलेल्या थोर माणसांचं पान कधीच नसतं. ती माणसं जन्मलेली असणारच. कुठल्या तरी झोळीत हातपाय हलवत असतील, नावंसुद्धा ठेवलेली नसतील. ती थोर आहेत हे कळायला चाळीस-पन्नास वर्षं जावी लागतात, आणि तोवर ते पान छापायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून देशाच्या हिशेबात दरवर्षी जमेची बाजू कोरी दिसते आणि खर्चाचीच भरलेली. आमच्या भावकीत तसं नाही. जन्मलेलं पोर पुढे कोण होणार हे न विचारता पहिल्या रडण्यालाच मोजलं जातं, आणि जाणाऱ्याएवढंच मोजलं जातं. दहा आणि दहा.

देशातलं मोठं माणूस गेलं की कचेरीवरचा झेंडा खाली येतो आणि टीव्हीवर दिवसभर तेच चालतं. कधी न भेटलेल्या माणसासाठी मीही भात ढवळता ढवळता डोळे पुसलेत. पण त्याचं सुतक नसतं. मन धरतं, पंचांग धरत नाही. आणि कधी पंचांग धरतं तिथे मन धरत नाही. माझं माहेर म्हसळ्याचं. वडील वारले तेव्हा मला सुतक तीन दिवसांचं होतं. दिलेल्या मुलीला तीनच. चौथ्या दिवशी मी न्हाऊन इथल्या देवांना फुलं वाहिली, तेव्हा म्हसळ्यात माझा भाऊ अजून चटईवर निजत होता. त्याच वर्षी यांचे एक चुलत चुलते सुरतेला वारले. त्यांना मी फोटोतसुद्धा पाहिलेलं नव्हतं. त्यांचे दहा. दोन्ही मी नीट पाळले. हिशेबात चूक नव्हती. पण ते तीन दिवस अजून मला पुरलेले नाहीत.

हे सगळं सांगायचं कारण एक भाद्रपद. त्याला आता पाच वर्षं होत आली.

आमच्या भावकीत सगळ्यांत वडीलधारे तात्या, यांचे चुलत काका. त्यांच्या घरच्या गणपतीची आरती आधी, मग बाकीच्यांची. त्या वर्षी तात्यांची नातसून अलिबागला इस्पितळात होती आणि डॉक्टरांनी तारीख दिली होती ती नेमकी चतुर्थीच्या आसपासची. आणि ठाण्याला बाळकाका अंथरुणाला खिळले होते. बाळकाका म्हणजे तात्यांचे चुलतभाऊ. आई लहानपणीच गेल्यामुळे ते तात्यांच्या घरात, तात्यांच्या ताटात जेवून वाढले. नोकरीला ठाण्याला गेले, तरी एकही गणपती चुकवला नाही. मूर्तीचा पाट एका बाजूनं तात्यांच्या खांद्यावर, दुसऱ्या बाजूनं बाळकाकांच्या. आरतीत शेवटी आवाज वर जातो, तिथे सगळे दमायचे आणि बाळकाका एकटे पोचायचे.

म्हणजे एकीकडून येणाऱ्यानं थांबायला हवं होतं आणि दुसरीकडून जाणाऱ्यानं. आम्ही दोन्ही बाजूंना कान लावून बसलो होतो, आणि कान बंदही करून.

तात्या माझ्या ओटीवर येऊन बसायचे. नातसुनेबद्दल म्हणायचे, "त्या पोटातल्याला सांग कोनीतरी, घाई करू नको. गौरी गेल्या की ये म्हनावं, मग तुझाच सण."

"तात्या, ते तुमचंच रक्त हाय," मी म्हणायचे. "तुमी कधी कोनाचं ऐकलाव?"

पोर थांबलं नाही. उलट घाईच केली त्यानं, आणि ती बरी झाली. श्रावण वद्य सप्तमीची रात्र सरताना, उजाडायच्या आत मुलगी झाली. तात्यांनी मुलगी की मुलगा हे मागाहून विचारलं, आधी विचारलं, "सुटतो कधी?" यावरून ओटीवर मोठा वाद झाला. कोणी म्हणालं, घड्याळानं तारीख बदलली होती, म्हणजे अष्टमी धरा. मी म्हटलं, पंचांगाचा दिवस उजाडल्यावर बदलतो, सप्तमीच. प्रतिपदेला दहा पुरे होतात. द्वितीयेला आपण मोकळे.

"सुनंदाचा हिशोब पक्का," तात्या म्हणाले, आणि मग पेढे काढले.

पोरगी आता शाळेत जायला लागली आहे. तिच्या जन्माच्या वर्षी देशात आणखी कोण कोण जन्मलं ते कळायला अवकाश आहे. तिचं नाव त्यात असेल का, हे बघायला आमच्यापैकी कोणी नसणार.

एक बाजू सुटली. दुसरी घट्ट होत गेली. डॉक्टरांनी बाळकाकांना घरी न्यायला सांगितलं, आणि घरी न्या म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं. त्यानंतर आमच्याकडे जे सुरू झालं ते बाहेरच्या माणसानं पाहिलं असतं तर तो हसला असता. भावकीचा मोबाइलवर ग्रुप आहे, त्यावर कोणालाच काही लिहिता येऊ नये अशी सोय केली गेली. शेजारची माझी जाऊ शेवंता ठाण्याच्या भाचीला सांगून मोकळी झाली, "मला आठ दिवस फोन करू नको, आनि केलास तर पावसाचाच बोल." तात्यांनी आपला मोबाइल तांदळाच्या डब्यात खाली पुरून ठेवला. तो वाजला की डब्यातून बेडकासारखा आवाज यायचा आणि घरातली माणसं एकमेकांकडे बघायची.

एका संध्याकाळी तात्या माझ्याकडे आले. मखरासाठी आणलेला कागद मी कापत होते. ते कात्रीकडे बघत बसले.

"मला बाळूकडं जायाचा हाय गो," ते म्हणाले. "पन गेलो आनि त्यानं माझ्या म्होरंच डोळे मिटले तर? तेवीस घरांचे गणपती माझ्यापायी ऱ्हातील. पोरं कुठनं कुठनं रजा टाकून येतात."

त्यांचा हिशेब बरोबर होता.

द्वितीयेच्या सकाळी, ज्या दिवशी आम्ही सोयरातून मोकळे झालो त्याच सकाळी, मी मागच्या दारी समई चिंचेनं घासत होते आणि फोन वाजला. नाव अनंतचं. अनंत म्हणजे बाळकाकांचा मुलगा, माझा चुलत दीर. यांनी आतून हाक मारली, "बघ हं." उचलू नकोस असं ते म्हणाले नाहीत. उचल असंही नाही.

मी हात पुसले आणि उचलला.

"वहिनी, मी अनंत."

"बोल."

"काही नाही. सहज केला. मखर झालं का?"

"होतंय. काका कसे आहेत?"

त्याच्या मागे खूप माणसं होती, पण ती बोलत नव्हती. "झोपलेत," तो म्हणाला. "शांत झोपलेत. वहिनी, एवढंच सांगायचं होतं की यंदा मला यायला जमणार नाही. तात्यांना सांगा, सुट्टी नाही मिळाली."

अनंतची स्वतःची रिक्षा आहे. त्याला सुट्टी कोण देणार आणि कोण नाकारणार? तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या घरात काय झालंय, आणि हा मुलगा ते तोंडातून काढायचं नाही म्हणून किती जपून बोलतोय. आमच्या तेवीस मखरांसाठी तो बापाला झोपलेला म्हणत होता. मी "बरं, सांगते" म्हणून फोन ठेवला असता तर काहीच बिघडलं नसतं. मला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. नियमानं मी मोकळी होते.

"खांदा द्यायला कोण आहे?" मी विचारलं.

तो म्हणाला, "वहिनी, विचारू नका."

"तू सांगितलं नाहीस. मी विचारलं. तुझ्यावर काही नाही."

"चाळीतली पोरं आहेत," तो म्हणाला. "शेजारी आहेत. आपल्यातलं कोणी नाही." आणि मग इतका वेळ धरलेला त्याचा आवाज सुटला.

आम्ही पोचेपर्यंत थांबा असं त्याला सांगून मी आत गेले, तेव्हा हे दारातच उभे होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. मग कारखान्यात फोन केला. "आमची मूर्ती यंदा तुमच्याकडेच राहू दे." मूर्तिकारानं का म्हणून विचारलं नाही. त्याच्याकडे मागच्या भिंतीला एक फळी आहे. अशी एखाद-दुसरी मूर्ती दर वर्षी तिथे राहते. "बरं," तो म्हणाला, "मी फुलं वाहीन."

वाटेत तात्यांचं घर लागतं. ते ओटीवर नारळ मोजत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं, पिशवी पाहिली, आणि मान फिरवली. मग उगाच मोठ्यानं आत हाक मारली, "अरे नारळ कोन सोलनार, मी काय?"

स्टँडपर्यंत हमीदचाचांची रिक्षा मिळाली. ते तात्या आणि बाळकाका यांच्याच वर्गातले. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी आरशातून बघत विचारलं, "बाळू गेला?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघू लागलो.

"मला सांगा की," ते म्हणाले. "आम्हाला तुमचं ते लागत नाही."

"गेले," मी म्हटलं. तो शब्द मी पहिल्यांदा उच्चारला तो त्यांच्यासमोर. त्यांनी रिक्षा कडेला घेतली, तोंडानं काही पुटपुटले, टोपी काढून परत घातली. "त्याला पोहायला मी शिकवला," म्हणाले, "आणि तात्या काठावर उभा राहून शिव्या द्यायचा." स्टँडवर त्यांनी भाड्याला हात लावला नाही.

आमची एसटी जवळजवळ रिकामी होती. वडखळच्या पुढे समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग लागली. गाड्यांवर झेंडे, टपावर बांधलेल्या पिशव्या, खिडकीतून ढोल बडवणारी पोरं. सगळं कोकण गावाकडे निघालं होतं आणि आम्ही दोघं उलटे चाललो होतो. एका गाडीत आमच्याच भावकीतलं एक कुटुंब दिसलं. त्यांनी हात हलवला. मग आम्ही कुठल्या दिशेला चाललोय ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण हात तसाच वर राहिला.

ठाण्याला पोचलो तेव्हा अनंत आणि चाळीतली माणसं आमच्यासाठी थांबली होती. यांनी खांदा दिला. चाळीतल्या तीन पोरांच्या बरोबर एक खांदा घरचा होता, एवढंच झालं. ते काही फार नव्हतं, पण अनंत मला म्हणाला, "वहिनी, तात्यांना न सांगता सगळं उरकलं, मी त्यांचं तोंड कसं बघणार?" जणू चूक त्याची होती.

हे दहाव्यापर्यंत तिथेच राहिले. गाय होती म्हणून मी चतुर्थीच्या दुपारी परत आले. गावात पाऊल टाकलं तेव्हा घराघरातून घंटा ऐकू येत होत्या, उकडीचा आणि केळीच्या पानांचा वास येत होता. माझं मखर अर्धवट कापलेलं तसंच होतं. मी त्यावर चादर टाकली.

पुढचे दिवस मी कोणाच्या दारात गेले नाही आणि माझ्या दारात कोणी आलं नाही. दाराला तोरण नाही, आत गणपती नाही, हे बावीस घरांना दिसत होतं. कोणी विचारलं नाही. विचारलं तर मी सांगेन ही भीती प्रत्येकाच्या चालण्यात होती. माझ्या कुंपणाजवळ आले की माणसांची पावलं भरभर पडायची. शेवंता रोज विरजणाला यायची, ती कुंपणाबाहेर थांबली.

"काय गो, बरी हायस ना?"

"बरी हाय."

"आनि भावोजी?"

"ठाण्याला हायत. काम हाय."

"व्हय व्हय," ती घाईनं म्हणाली. "कामं असतातच." तिचे डोळे भरून आले होते आणि ती तोंडानं पावसाबद्दल बोलत होती. जाताना कुंपणाच्या दगडी गडग्यावर दोन पडवळं आणि एक काकडी ठेवून गेली. प्रसाद देता येत नव्हता, भाजी देता येत होती.

संध्याकाळी तात्यांकडची आरती मला ओटीवर बसून ऐकू यायची. शेवटचा चढा सूर आला की सगळे आवाज खाली राहायचे आणि वर कोणी नसायचं. पहिल्या दिवशी तात्यांनी तो घ्यायचा प्रयत्न केला आणि मधेच खोकले. दुसऱ्या दिवसापासून झांजा मोठ्यानं वाजवून ती जागा भरायला लागले. तात्यांच्या मांडीवर म्हणे पणतीला ठेवलं होतं. शेवंताच कुंपणावरून सांगून गेली. तात्यांनी पोरीला गणपतीपुढे धरलं आणि हसले नाहीत.

नवमीला गौरी-गणपती निघाले. माझ्या घरावरून मिरवणूक गेली. तात्यांच्या मूर्तीचा पाट एका बाजूनं तात्यांनी धरला होता, दुसऱ्या बाजूनं त्यांच्या नातवानं. उंची जुळत नव्हती म्हणून पाट कलत होता. माझ्या दारासमोर ढोल जरा हळू झाला. मी आतूनच हात जोडले.

अंधार पडता पडता माणसं खाडीवरून रिकामे पाट घेऊन परतू लागली. तात्या सगळ्यांच्या मागे होते. ते आपल्या घराकडे वळले नाहीत. गुडघ्यापर्यंत ओलं धोतर, पायाला चिखल, तसेच माझ्या कुंपणाशी आले आणि फाटकाची आगळ धरून उभे राहिले.

"सुनंदा. गणपती पोचले. आता सांग."

मी अंगणात आले. "बाळकाका गेले, तात्या. द्वितीयेला, सकाळी."

"म्हायत होता." ते आगळीकडे बघत होते. "त्याच्याजवळ कोन होता?"

"अनंत होता. खांद्याला हे पोचले."

"माझा नाव काढला का त्यानं?"

मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेलं मी सांगत नाही. "अनंत सांगेल तुम्हाला," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. आता मोजायचं ते मोजून घ्यावं अशा आवाजात विचारलं, "किती उरले?"

मी मनात पुन्हा एकदा मोजलं. "दशमी आणि एकादशी. दोन दिवस."

"दोन?"

"कळल्यापासून उरलेलेच धरतात, तात्या."

"बाळूला दोन?" ते म्हणाले. त्यांचा आवाज मोठा झाला. शेवंताच्या घरातला दिवा बाहेर आला, पलीकडच्या ओटीवर माणसं उभी राहिली. "एका ताटात जेवलो आम्ही. त्याला दोन? मी आजपासनं दहा धरनार. तुझा हिशोब तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

त्यांनी आगळ काढली, आत आले, आणि माझ्या पायरीवर बसून मोठ्यानं रडायला लागले. मी त्यांना अडवलं नाही. शेवंता आली, मग तिच्यामागून एकेक घर आलं. कोणीतरी विचारलं, "सुनंदा, मग आपल्याला किती?"

मी म्हटलं, "तात्या धरतील तेवढे."